टाकीतली कोथिंबीर

मला राग लवकर येतो, असं आमच्या घरात सगळेच म्हणतात. राग येण्यासारखं रोज काय काय होतं, त्याबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. म्हणून आता मीच सांगते.

आमच्या विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये शिरलं की समोरच्या भिंतीला माशांची एक मोठी काचेची टाकी दिसते. येणारा-जाणारा म्हणतो, "वा, काय छान!" मी गप्प बसते. टाकी मी आणलेली नाही. ती आणली आमच्या चिरंजीवांनी, कॉलेजात असताना. आणताना मला म्हणाले, "आई, तुला काहीच करावं लागणार नाही." आजवर ज्याने ज्याने मला हे वाक्य ऐकवलं, त्याने त्याने जाताना ते काम माझ्याच गळ्यात मारलेलं आहे. चिरंजीवांना बंगळुरूला नोकरी लागली. ते गेले. टाकी राहिली, गप्पी राहिले, मॉली राहिल्या आणि त्यांचं करायला मी राहिले. मी शाळेच्या ऑफिसात नोकरी करते, घरी येऊन स्वयंपाक करते, आणि उरलेल्या वेळात मासे सांभाळते. भाग्य म्हणतात ते हेच असावं.

मागच्या वर्षी टाकीचं पाणी हिरवं व्हायला लागलं. कितीही बदला, आठवड्यात पुन्हा वाटलेल्या पालकासारखं. चिरंजीवांना फोन केला. ते तिकडून म्हणाले, "आई, भराभर वाढणारी एखादी वनस्पती लाव. पाण्यातली घाण ती खाऊन टाकते, मग शेवाळ्याला काही उरत नाही." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय! पण मी गेले दुकानात. दुकानदाराने रबराने बांधलेल्या काड्यांची एक जुडी माझ्या हातात दिली. म्हणाला, "ही विस्टेरिया घ्या मॅडम. काही करायला नको. हिला कोणी मारू शकत नाही." मला वाटलं, तारीफ करतोय. तो बिचारा सावध करत होता.

नुसत्या खडीत खोचल्या त्या काड्या. पहिला आठवडा निवांत गेला. मग जी सुटली ती बाई! प्रत्येक पेराला पांढऱ्या मुळ्या, प्रत्येक पेरातून नवा फुटवा. शेंडे पाण्याच्या वर आले, तिथे आडवे पडले, टाकीभर पसरले. खाली अंधार झाला, खालची पानं पिवळी पडून गळायला लागली, गळलेली पानं फिल्टरमध्ये अडकायला लागली, आणि फिल्टर घरघर करायला लागला. एखादं पान तुटून तरंगत राहिलं, तर चार दिवसांनी त्या पानालाच मुळ्या! मासे कुठे आहेत ते शोधायला मला वाकून बघावं लागे. पाणी मात्र स्वच्छ झालं, हे कबूल करते. पण एवढ्या गर्दीत ते पाणी दिसणार कोणाला?

म्हणजे दर रविवारी कापणी आली. स्टूल ओढायचं, पदर खोचायचा, कोपरापर्यंत हात टाकीत घालायचा. वरचे शेंडे कापायचे, खालचे जून दांडे उपटायचे, आणि जागा मोकळी करून चांगले शेंडे लांब चिमट्याने पुन्हा खडीत खोचायचे. खोचलेले अर्धे लगेच वर येतात. पुन्हा खोचा. आमचे हे त्या वेळी तिथेच पेपर वाचत बसलेले असतात. मदत? छे. पेपरच्या मागून आवाज येतो, "जरा बेताने, फरशी ओली होतेय." डोक्यात अशी तिडीक जाते म्हणून सांगू!

आता सासूबाईंकडे येते, कारण ही गोष्ट खरं तर त्यांचीच आहे. त्या ऐंशीच्या पुढे आहेत. सासरे गेल्यापासून फ्लॅट त्यांच्याच नावावर आहे, आणि नाव नसतं तरी काही फरक पडला नसता. लग्न होऊन मी आले तेव्हापासून फोडणीला मोहरी किती, डाळ भिजवायची कधी, पाहुण्यांना कुठल्या कपातून चहा, सगळं त्यांच्या हुकुमाने. "असं नसतं गं करायचं" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही ओळखेन. आमची भांडणं अख्ख्या बिल्डिंगला पाठ आहेत. गुडघ्यांमुळे त्यांचं खाली जाणं बंद झालं, तशी त्यांनी खुर्ची टाकीसमोर ओढून घेतली आणि तिथून घर चालवायला सुरुवात केली.

विस्टेरियाची पानं वाढली की कातरलेली, नाजूक दिसतात. पहिल्यांदा बघितली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही तर कोथिंबीर!" मी म्हटलं, "नाही हो आई, पाण्यातली वनस्पती आहे." त्या म्हणाल्या, "असू दे. मी कोथिंबीरच म्हणणार." झालं, विषय संपला. त्या दिवसापासून आमच्या घरात तिचं नाव कोथिंबीर.

मी कापून बादलीत टाकलेली ती सगळी रोपटी सासूबाई परातीत घ्यायच्या आणि निवडायला बसायच्या. अगदी भाजी निवडावी तशी. पिवळं पान बाजूला, जून दांडा बाजूला, कोवळा शेंडा एका रांगेत. रांगेची जुडी करून वर दोऱ्याची गाठ. एकदा मी वैतागून सगळं कचऱ्याच्या डब्यात टाकलं, तर चहा टाकून येईपर्यंत डब्यातलं परातीत आलेलं. "अहो आई, कचऱ्यात हात काय घालताय!"

"जिवंत आहे गं ते. मुळं फुटलीत त्याला. असं नसतं टाकायचं."

"मग काय करायचं? टाकीत जागा आहे का?"

"टाकीत नसेल. घरात आहे."

आणि मग घरात जागा निघायला लागली. स्वयंपाकघराच्या खिडकीत, बाथरूमच्या खिडकीत, त्यांच्या खोलीतल्या खिडकीत, लोणच्याच्या, मुरांब्याच्या, कॉफीच्या बरण्या पाण्याने भरून त्यात कोथिंबिरीचे शेंडे. साखर भरायला घरात एक बरणी शिल्लक राहिली नाही. मी कापते, त्या वाचवतात. मी टाकते, त्या उचलतात. मग ही बया कमी होणार कशी? मी हात टेकले.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर कहर झाला. वाण म्हणून मी प्लास्टिकच्या छोट्या डब्या आणून ठेवल्या होत्या. शाळेतून यायला मला उशीर झाला. आले तर हॉलमध्ये बायका, प्रत्येकीच्या हातात तिळगूळ आणि प्लास्टिकच्या पिशवीत पाण्यासकट एकेक जुडी. सासूबाई खुर्चीत बसून सांगतायत, "लुटा गं, भरपूर आहे!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी शेजारणीचा फोन. "तुमच्या कोथिंबिरीला वासच नाही हो. पोह्यांवर घातली, पण मजा नाही आली." मी कपाळाला हात लावला. सासूबाईंना सांगितलं, तर त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. म्हणाल्या, "तिच्या पोह्यांना तरी कुठे चव असते?" मीही हसले, खोटं कशाला बोलू.

तर असं आमचं चाललं होतं. मग आले गणपती.

आमच्याकडे गणपती-गौरी असतात. थोरल्याचं घर म्हणून आमच्याकडे. धाकटे भाऊजी हडपसरला मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये राहतात, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. ते दर वर्षी आरतीला आणि जेवायला येतात, म्हणजे पाहुणे. मूर्ती आमची नेहमी शाडूची, लहानशी. बादलीत ठेवली की रात्रीत माती होते. यंदा भाऊजी परस्पर मोठी मूर्ती घेऊन आले. चकचकीत, खडे लावलेली, प्लास्टरची. "वहिनी, यंदा आमच्यातर्फे. मुलांना हीच आवडली." विचारायची पद्धत नाही. आणून ठेवली चौरंगावर, काढले फोटो, झालं.

प्लास्टरची मूर्ती साध्या पाण्यात विरघळत नाही, हे पुण्यात आता लहान मुलालाही ठाऊक आहे. तिला वॉर्ड ऑफिसात मिळते ती पावडर लागते. पावडर घातलेल्या पाण्यात मूर्ती ठेवायची, अधूनमधून ढवळायचं. दोन-तीन दिवस फसफसत राहते आणि नाकातले केस जळतील असा वास सुटतो. हा वास भाऊजींच्या घरी नाही बरं का. माझ्या मोरीत.

गौरी जेवल्या त्या दिवशी दुपारी पंगत उठल्यावर सासूबाई आत जाऊन आडव्या झाल्या. आम्ही मागचं आवरत होतो. तेव्हा भाऊजींनी विषय काढला. लोणी काळभोरच्या पुढे एक जागा आहे म्हणे, ज्येष्ठांसाठी. झाडी आहे, नर्स आहे, डॉक्टर येतात. "प्रॅक्टिकली बघा ना वहिनी, तुम्ही दिवसभर बाहेर, दादा बाहेर. आई एकटी. उद्या पडली-झडली तर?"

मी म्हटलं, "तुमच्याकडे न्या ना मग थोडे दिवस."

"आमच्याकडे जमण्यासारखं नाही, तुम्हाला माहितीये." मला माहीत नव्हतं. पाच खोल्यांत एक म्हातारी बाई का मावत नाही, हे मला आजही माहीत नाही. मी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. हे बासुंदीची वाटी खरवडत होते. "बघू," म्हणाले. आयुष्यभर हा माणूस बघतोच आहे.

विसर्जन झालं. आरती करून, निरोप देऊन ह्यांनी मूर्ती मोठ्या टबात ठेवली, पावडर घातली. पुढचे दोन-तीन दिवस जाता-येता मीच ढवळलं. वरचं पाणी निवळलं, खाली पांढरा गाळ बसला. तेव्हा ह्यांनी सासूबाईंना हौसेने सांगितलं, मी ऐकलंय माझ्या कानांनी, "आई, आता हे वरचं पाणी झाडांना घालायचं. खत असतं उत्तम." सासूबाई म्हणाल्या, "मग घाल की." हे म्हणाले, "उद्या बघू."

तो उद्या गुरुवार होता. गुरुवार म्हणजे पाणी बंद. सोसायटीनेही गच्चीवरच्या टाकीचा कॉक दुपारीच फिरवलेला. मी शाळेतून आले, कुलूप उघडलं आणि दारातच थबकले. मोरीतला तो वास हॉलमध्ये आला होता. सासूबाई खुर्चीत बसलेल्या, पदर ओला, हात मांडीवर. त्यांच्या पायाशी स्टीलचं भांडं. आणि टाकीत मासे वर येऊन तोंडं उघडत होते. काही नुसतेच आडवे तरंगत होते.

मी किंचाळले असेन. "काय झालं? कोणी काय घातलं ह्यात?" सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. एक शब्द नाही. ज्या बाईने आजवर माझं एक वाक्य उत्तराशिवाय जाऊ दिलं नाही, ती गप्प! भांडं उचलून वास घेतला, तेव्हा मला कळलं. गणपतीचं पाणी.

पुढे काय करायचं ते मला माहीत होतं, कारण माझ्याशिवाय ते करणारं कोणी नव्हतंच. पाइप लावला, निम्म्याहून जास्त पाणी ओढून काढलं. पण परत भरायला पाणी कुठाय? नळाला टिपूस नाही. प्यायच्या पाण्याचं पिंप ओतलं टाकीत. हंडा ओतला. फ्रिजमधल्या बाटल्या बाहेर ठेवल्या, त्यांची थंडी गेल्यावर त्याही ओतल्या. शेजारणीकडून कळशी मागून आणली, तीच ती पोह्यांवाली. पुन्हा पाणी काढलं, पुन्हा ओतलं. हे सगळं करताना मी सतत बोलत होते. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. प्लास्टरच्या मूर्तीला बोलले, भाऊजींना बोलले, ह्यांच्या त्या "उद्या बघू"ला बोलले, आणि हो, सासूबाईंनाही बोलले. "विचारायचं तरी एकदा!" असं ओरडले. त्या बसल्या जागेवरून हलल्या नाहीत.

बरेच मासे गेले. थोडे वाचले. काळी मॉली तर सापडलीच नाही. म्हटलं, झाडीत कुठेतरी मरून पडली असेल. आणि ती कोथिंबीर? तिचं एक पान वाकडं झालं नाही. उलट पुढच्या दिवसांत अशी तरारली की बघवेना. माशांचा जीव गेला आणि हिचं बाळसं वाढलं. लाज नाही बाई.

संध्याकाळी हे आले. सगळं बघितलं, आईला विचारलं, "आई, तू घातलंस का?" सासूबाई गप्पच. ह्यांनी हडपसरला फोन लावला. तेवढं मात्र "उद्या बघू" नाही झालं.

रविवारी भाऊजी हजर. एकटेच. सोफ्यावर बसले, चहा घेतला, मोबाइल उलटा ठेवला. सासूबाई खुर्चीत परात घेऊन कोथिंबीर निवडत होत्या. मीच त्यांच्यासमोर आणून ठेवली होती, नुसत्या बसलेल्या मला बघवेनात म्हणून.

"आई, आज वार कोणता?" भाऊजींनी विचारलं. शाळा तपासायला आल्यासारखं.

सासूबाई शेंडे खुडत राहिल्या.

"आई, गुरुवारी तू काय केलंस, आठवतंय का?"

त्यांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं. भाऊजींनी ह्यांच्याकडे बघून हलकेच मान हलवली. जणू डॉक्टरच! मग माझ्याकडे वळले. "वहिनी, हे साधं नाही. पाणी घातलं हा मुद्दाच नाही. तिला आठवतच नाही, हा मुद्दा आहे. डिमेन्शियाची सुरुवात अशीच असते. उद्या गॅस चालू ठेवेल. मी त्या जागेत बोलून ठेवलंय, त्यांच्याकडे पुढच्या महिन्यात खोली रिकामी होतेय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईच्या देखत! ती तिथे बसलेली असताना! टेबलखुर्चीबद्दल बोलावं तसं!

"भाऊजी," मी म्हटलं, "प्लास्टरची मूर्ती कोणी आणली?"

"त्याचा काय संबंध?"

"तुम्ही आणलीत. ढवळली कोणी? मी. वास कोणी घेतला? ह्या माउलीने, दिवसभर, एकटीने. पाणी झाडांना घालायचं, असं सांगितलं कोणी? ह्यांनी. विचारा ना त्यांना, पेपर खाली ठेवतील तर! आता मला सांगा, झाडं आहेत कुठे ह्या घरात? बाल्कनी होती, तिची खोली केली. आईंचा मोगरा गेला, तुळस गेली, शेवटची कुंडी वॉचमनला दिली. त्यांच्या गुडघ्यांना जिना उतरवत नाही. अख्ख्या घरात हिरवं म्हणून जे काही आहे, ते ह्या टाकीत आहे. मुलाने सांगितलं झाडांना घाल, आईने झाडांना घातलं. ह्यात डोकं फिरल्यासारखं काय आहे? तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त सरळ चाललंय त्यांचं डोकं!"

"वहिनी, तुम्ही इमोशनल होताय."

"होतेय! कोणीतरी व्हायला नको का?"

हे म्हणाले, "अगं, हळू बोल, दार उघडं आहे." मी उठून दार आणखी उघडलं. ऐकू दे सगळ्यांना.

भाऊजी शांतपणे म्हणाले, "ठीक आहे. घातलं ते चुकून घातलं, मान्य. पण तिला विचारलं तर आठवत नाही. ह्याचं काय उत्तर आहे तुमच्याकडे?"

खरं सांगते, मला स्वतःलाच ती भीती वाटत होती. गुरुवारपासून ती बाई माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती, आमटीत मीठ जास्त पडलं तरी.

सासूबाईंनी परात बाजूला ठेवली. खुर्चीच्या हातावर भार देऊन उठल्या, भिंतीला हात लावत लावत खोलीत गेल्या. भाऊजी हळूच म्हणाले, "बघितलंत?" आतून खिडकीचा पडदा सरकल्याचा आवाज आला. मग त्या बाहेर आल्या. दोन्ही हातांत मुरांब्याची बरणी, पदराने धरलेली. त्यांच्या खिडकीत अशा बरण्या असतातच, मी ढुंकूनही बघत नाही. बरणीत कोथिंबिरीचा शेंडा होता, आणि त्या शेंड्याभोवती काळी मॉली आणि दोन गप्पी फिरत होते.

त्यांनी बरणी टीपॉयवर ठेवली.

"रविवार आहे आज," त्या म्हणाल्या. "गुरुवारी मी पाणी घातलं. बाप्पाचं पाणी मोरीत ओतायला मन होईना, आणि हा म्हणाला, झाडांना चांगलं. भांडंभर ओतलं आणि मासे तडफडायला लागले. तेव्हाच कळलं मला. हाताला लागले तेवढे बरणीत काढले. रोज माझ्या पिण्यातल्या पाण्याने त्यांचं पाणी बदलतेय."

"मग सांगितलं का नाहीस, आई?" हे आमच्या ह्यांनी विचारलं. पेपर एकदाचा खाली आला होता.

सासूबाई ह्यांच्याकडे बघत नव्हत्या. भाऊजींकडेही नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"गौरीच्या दिवशी तुम्ही त्या जागेचं बोलत होतात. मी झोपले नव्हते. म्हटलं, आता माझ्या हातून काही चुकलं असं दिसायला नको. हे मासे टाकीत सोडले असते, तर तुम्ही विचारलं असतं, कुठून आले. मग मला धाडलं असतं."

भाऊजींनी मोबाइल सुलटा केला, बघितला, पुन्हा उलटा केला. थोड्या वेळाने "बघू पुढे" असं म्हणून उठले. चपला घालताना आईच्या पाया पडले. मला त्यांचा एवढा संताप आला होता की मी दारापर्यंतही गेले नाही. आणि ह्यांचाही आला होता. ज्या घराच्या कागदावर जिचं नाव आहे, ती बाई त्या घरात तीन मासे पडद्याआड लपवून ठेवते, घाबरून, आणि तिचे दोन मुलगे तिला वार विचारतात!

त्या जागेचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढच्या महिन्यात ती खोली ज्यांना मिळाली असेल, त्यांना लखलाभ. मासे मी टाकीत सोडले. मॉलीला पिल्लंही झाली. हे आता रविवारी स्वतःहून फरशी पुसतात. सगळे म्हणतात, चला, गोड झालं सगळं. चिरंजीवांनी बंगळुरूहून फोन करून मला शाबासकी दिली. "आई, तू भारी बोललीस म्हणे काकाला!"

कसलं गोड आणि कसलं भारी. कोणी बघतंय का त्या बाईकडे? आमटीत मीठ कमी असो, जास्त असो, मुकाट्याने जेवतात. परवा भेंडी चिकट झाली होती, मी मुद्दाम विचारलं, "कशी झालीय?" तर म्हणाल्या, "छान आहे." माझ्या हाताची चिकट भेंडी, आणि छान आहे! मी चहा चुकीच्या कपांतून दिला पाहुण्यांना, मुद्दामच, त्यांच्या डोळ्यांदेखत. त्यांनी नजर वळवली. फ्रिज उघडायच्या आधी विचारतात. टीव्हीचा आवाज वाढवायच्या आधी विचारतात. ज्या बाईशी मी आजवर भांडले, ती कुठे गेली? ती कोणी नेली, ह्याचा जाब मी कोणाला विचारू? सगळे नामानिराळे. भाऊजी म्हणतात, मी तर काळजीपोटी बोललो. हे म्हणतात, मी तर काहीच बोललो नाही. ते तर खरंच आहे.

काल मी शाळेतून आले तर त्या आपल्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. टाकीचा दिवा लागलेला, खुर्ची रिकामी. मी पर्स ठेवली, तशा म्हणाल्या, "मी जरा इथे बसू का गं? चालेल ना तुला?"

माझा जो भडका उडाला! "अहो, विचारता काय मला?" मी ओरडले. "घर तुमचं आहे! बसायचं तिथे बसा! विचारायचं नाही मला पुन्हा!"

त्या दचकल्या. दाराची चौकट घट्ट धरली.

"बरं बरं," म्हणाल्या, "नाही बसत." आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.